दोन रेषा, चार कोन

युक्लिडच्या 'एलिमेंट्स'च्या पहिल्या पुस्तकात ४८ प्रमेयं आहेत. त्यांतलं सत्तेचाळिसावं पायथागोरसचं, ते भूमिती विसरलेल्या माणसालाही आठवतं. पाचव्याला युरोपातल्या विद्यार्थ्यांनी 'गाढवांचा पूल' असं नाव दिलं आणि ते त्या नावानेच गाजलं. पंधराव्या प्रमेयाच्या वाट्याला असं काही आलं नाही. दोन सरळ रेषा एकमेकींना छेदतात तेव्हा समोरासमोरचे कोन समान असतात, एवढंच ते सांगतं. शाळेत ते एका तासात होतं, त्यावर एका गुणाचा प्रश्न येतो आणि पुढच्या इयत्तेत ते 'विरुद्ध कोन' एवढ्या दोन शब्दांत कारण म्हणून कंसात लिहिलं जातं. मला मात्र हे प्रमेय त्या सबंध पुस्तकातली सर्वांत देखणी रचना वाटतं, आणि ते का, हे ओळीओळीने वाचून दाखवायचं आहे.

आकृती आधी काढून घेऊ. रेषा अब आणि रेषा कड एकमेकींना म या बिंदूत छेदतात. म पासून चार किरण निघाले: मअ, मब, मक आणि मड. मअ आणि मब हे विरुद्ध किरण, तसेच मक आणि मड. शेजारशेजारच्या किरणांमध्ये चार कोन झाले. सगळं सामान इतकंच आहे.

यातल्या किरणापाशी थोडं थांबायला हवं, कारण कोनाची निम्मी गंमत तिथेच दडलेली आहे. किरणाला एक आरंभबिंदू असतो आणि दुसऱ्या बाजूला अंत नसतो. म्हणून त्याचं नाव लिहिताना आरंभबिंदू आधी लिहायचा. किरण मअ आणि किरण अम हे दोन निराळे किरण आहेत. एक म पासून सुटतो, दुसरा अ पासून, आणि त्यांची तोंडं उलट दिशांना. पण किरण मअ वर आणखी कुठेही, जवळ किंवा दूर, प हा बिंदू घेतला तर किरण मप हा किरण मअ च असतो. रेषाखंडाला ही मुभा नाही. त्याचं टोक हललं की तो दुसराच रेषाखंड झाला.

कोन या किरणांपासून बनतो आणि किरणाला लांबी नसते. म्हणून भुजा लांबवून कोन मोठा होत नाही. हे वाक्य पाठ असलेली मुलंसुद्धा फळ्यावर लांब भुजांचा आणि वहीत आखूड भुजांचा कोन पाहिला की फळ्यावरचा मोठा म्हणतात. डोळा भुजा मोजतो आणि कोन निसटतो. भूमितीतली इतर मापं आकृतीबरोबर वाढतात आणि घटतात, पण कोन जागचा हलत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचा एकास ५०,००० प्रमाणाचा नकाशा पुढ्यात घ्या. त्यावर सह्याद्रीतली अंतरं ५०,००० पटींनी आकसलेली असतात, क्षेत्रफळं तर २५० कोटी पटींनी. पण एका शिखरावर उभं राहून दुसऱ्या दोन शिखरांकडे पाहताना दोन दिशांमध्ये जो कोन होतो तोच कोन कागदावर कोनमापकाने मिळतो. नकाशा घेऊन डोंगरात फिरणारा माणूस ज्याच्या भरवशावर वाट काढतो ते हेच. अंतर आकसल्यावर फाकही आकसली असती, तर नकाशा नावाची वस्तूच झाली नसती.

युक्लिडकडे मात्र किरण नाही. इसवी सनापूर्वी ३०० च्या आसपास अलेक्झांड्रियात बसून त्याने जी रेषा कल्पिली ती मर्यादित आहे. तिला टोकं आहेत आणि हवी तेव्हा ती पुढे वाढवायची मुभा त्याच्या दुसऱ्या गृहीतकाने दिली आहे. एकदम अनंतापर्यंत गेलेली वस्तू हाताळणं त्याने सहसा टाळलं. याच युक्लिडच्या दृष्टीविषयीच्या ग्रंथात मात्र किरण आहेत. ते डोळ्यातून बाहेर निघतात, सरळ जातात, आणि जी वस्तू मोठ्या कोनात सापडते ती मोठी दिसते. प्रकाश डोळ्यातून निघत नाही हे पुढे कळलं, पण त्या किरणांची भूमिती तशीच खरी राहिली.

कोन म्हणजे काय, याचं युक्लिडचं उत्तर असं की एका पातळीत एकमेकींना भेटणाऱ्या, पण एका सरळ रेषेत नसलेल्या दोन रेषांचा एकमेकींकडे असलेला कल. 'कल' हा शब्द सुबोध वाटतो, पण त्यावर शतकानुशतकं भांडण चाललं. पाचव्या शतकातल्या प्रोक्लसने पहिल्या पुस्तकावरच्या भाष्यात त्याची हकीकत दिली आहे. कोन हा गुण आहे की राशी की दोन रेषांमधला संबंध? अॅरिस्टॉटलच्या परंपरेतल्या यूडेमसने त्याला गुण मानून कोनावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. गुण असेल तर तो दुभागता कसा येतो? राशी असेल तर मग भुजा वाढल्या तरी वाढत का नाही? या शंका पोकळ नाहीत. वर्गात कोन शिकणाऱ्या मुलाच्या मनात त्याच असतात, फक्त त्याला त्या मांडता येत नाहीत. १८९९ साली डेव्हिड हिल्बर्टने भूमितीचा पाया नव्याने घातला तेव्हा त्याने हा वादच बाजूला ठेवला. एका बिंदूतून निघणारे, एकाच रेषेवर नसलेले दोन किरण म्हणजे कोन, बस्स. तो काय आहे यापेक्षा दोन कोन केव्हा समान म्हणायचे हे ठरवणं त्याला महत्त्वाचं वाटलं. मला हे धोरण पटतं.

युक्लिड आणि हिल्बर्ट, दोघांच्याही व्याख्येत एक कोन बसत नाही. तो म्हणजे सरळ कोन. विरुद्ध किरणांमध्ये आपण १८० अंशांचा कोन मानतो, शाळेच्या पुस्तकात त्याला नाव आहे. युक्लिडला तो कोनच नाही, कारण त्याच्या दोन्ही भुजा एका सरळ रेषेत येतात. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पंधराव्या प्रमेयाची सगळी घडण तिच्यामुळे तशी झाली आहे. सरळ कोन नाही, अंश नाहीत ('एलिमेंट्स'च्या तेराही पुस्तकांत अंश हे माप कुठेच येत नाही), तर मग कोन कशाशी ताडायचा? काटकोनाशी. आणि काटकोन म्हणजे ९० अंश असं म्हणायची सोय नसताना तो सांगायचा कसा?

इथे युक्लिडची दहावी व्याख्या आहे, आणि ती सुताराच्या हातात आजही जिवंत आहे. एका रेषेवर दुसरी रेषा उभी केली आणि शेजारशेजारचे दोन्ही कोन एकमेकांएवढे झाले, तर त्या प्रत्येकाला काटकोन म्हणायचं. सुतार नवा गुण्या पारखतो तेव्हा हेच करतो. फळीच्या सरळ कडेला गुण्या टेकवून पात्याच्या कडेने रेघ मारायची. मग गुण्या उलटा करून, तोंड दुसऱ्या बाजूला फिरवून, त्याच बिंदूपाशी पुन्हा रेघ मारायची. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर जेवढा फरक दिसतो त्याच्या निम्मी गुण्याची चूक. या तपासणीत कुठे आकडा नाही, दुसऱ्या खात्रीच्या गुण्याचीही गरज नाही. गुण्या स्वतःशीच ताडला जातो.

तरी एक प्रश्न उरतो. या फळीवर पारखलेला काटकोन आणि दुसऱ्या फळीवर पारखलेला काटकोन एकच कशावरून? युक्लिडने हे सिद्ध करायचा प्रयत्न केला नाही. सर्व काटकोन परस्परांशी समान असतात, हे त्याचं चौथं गृहीतक आहे. पाचव्या, म्हणजे समांतर रेषांच्या गृहीतकाची कीर्ती एवढी मोठी की चौथ्याकडे कोणी वळून पाहत नाही. प्रोक्लसला वाटे की हे सिद्ध करता यायला हवं. हिल्बर्टने त्याच्या मांडणीत ते सिद्ध केलं. युक्लिडने ते गृहीत धरलं यातही मला त्याची नजर दिसते. इथे काहीतरी गृहीत धरलं जातं आहे, हे त्याने ओळखलं आणि तसं लिहून ठेवलं.

आता पंधराव्याच्या दोन घरं अलीकडचं तेरावं प्रमेय. एक रेषा दुसरीवर उभी असेल तर शेजारचे दोन कोन एकतर दोन काटकोन असतात किंवा दोघांची बेरीज दोन काटकोनांएवढी होते. आपण ज्याला रेषीय जोडीतील कोन म्हणतो ते हे. सिद्धतेत युक्लिड त्याच बिंदूवर एक लंब उभा करतो. तिरक्या रेषेचे दोन कोन आणि लंबाचे दोन काटकोन, दोन्ही जोड्या त्याच तीन तुकड्यांनी बनलेल्या आहेत हे दाखवतो आणि थांबतो. तो लंब काम झाल्यावर पुन्हा दिसत नाही. पंधराव्याच्या आकृतीत तर एकही काटकोन काढलेला नाही, तरी सबंध सिद्धता त्या अदृश्य काटकोनांवर उभी आहे.

तर आता पंधरावं. पहिलं पाऊल असं की मअ ही रेषा कड वर उभी आहे, म्हणून कोन कमअ आणि कोन अमड मिळून दोन काटकोन. दुसरं पाऊल, मड ही रेषा अब वर उभी आहे, म्हणून कोन अमड आणि कोन डमब मिळून दोन काटकोन. तिसरं, दोन्ही बेरजा म्हणून समान. चौथं, दोन्हींकडून कोन अमड काढून टाका. उरले कोन कमअ आणि कोन डमब, समोरासमोरचे आणि समान. दुसऱ्या जोडीचंही असंच.

झालं. पण आता पुन्हा हळू वाचा.

पहिल्या दोन पावलांत आकृती बदललेली नाही, बदललं आहे ते पाहणं. पहिल्यांदा कड ही जमीन होती आणि मअ तिच्यावर उभी होती. लगेच पुढच्या वाक्यात अब जमीन झाली आणि मघाशी जमिनीचा भाग असलेली मड उभी राहिली. छेदणाऱ्या दोन रेषांत कोणती आडवी आणि कोणती उभी हे आकृती सांगत नाही, ते आपण ठरवतो. युक्लिडने दोनदा, दोन तऱ्हांनी ठरवलं, आणि दोन्ही निवाडे एकाच कोनावर येऊन मिळाले. सिद्धतेतलं कौशल्य म्हणायचं तर या एका वळणात आहे.

तो कोन म्हणजे अमड. ज्या दोन कोनांची समानता दाखवायची आहे ते एकमेकांना फक्त एका बिंदूत भेटतात. त्यांची एकही भुजा सामाईक नाही. सरळ तुलना करायला दोघांमध्ये काहीच नाही. अमड मात्र दोघांचाही शेजारी आहे, दोघांशी त्याची एकेक भुजा सामाईक आहे. तो एकदा याच्याबरोबर मिळून दोन काटकोन भरतो, एकदा त्याच्याबरोबर, आणि दोघांची ओळख पटवून निघून जातो. तो केवढा आहे हे शेवटपर्यंत कळत नाही, आणि कळायची गरजही पडत नाही. लघुकोन असो की विशालकोन, सिद्धतेचा एक शब्दही बदलत नाही.

तिसऱ्या पावलावर बहुतेक वाचक न थांबता पुढे जातात. दोन्ही बेरजा दोन काटकोनांएवढ्या, म्हणून समान. पण पहिले दोन काटकोन रेषा कड वरचे आहेत आणि दुसरे दोन रेषा अब वरचे. वेगवेगळ्या रेषांवरचे काटकोन समान असतात हे कोणी सांगितलं? चौथ्या गृहीतकाने. ते मघाशी बाजूला पडल्यासारखं वाटलं होतं, इथे ते गुपचूप सगळा भार उचलतं. हे वाक्य काढून घेतलं तर ही सिद्धता कोसळते. मला या प्रमेयाचा सर्वांत आवडता क्षण हाच आहे, आणि तो छापील ओळींत धड दिसतही नाही.

शाळेत आपण हे निराळं लिहितो. एक कोन क्ष, शेजारचा १८० उणे क्ष, त्याच्या शेजारचा पुन्हा १८० उणे (१८० उणे क्ष), म्हणजे क्ष. हे बरोबर आहे आणि झटपट आहे. माझी तक्रार एवढीच की विद्यार्थ्याला त्यात वजाबाकी दिसते, रेषा दिसत नाहीत. १३० आणि ५० लिहून झाल्यावर त्याला वाटतं प्रमेय हे आकड्यांबद्दल आहे. कोनमापकाने पडताळा घेणं तर त्याहून दूरचं. कोनमापक जास्तीत जास्त अर्ध्या अंशापर्यंत समानता सांगेल. युक्लिडची समानता पूर्ण आहे, आणि ती एकही कोन न मोजता मिळालेली आहे.

किरणांच्या भाषेत आणखी एक सिद्धता आहे, ती मात्र मला मनापासून आवडते. म बिंदूवर टाचणी रोवून सबंध आकृती अर्धा फेरा फिरवा. किरण मअ हा विरुद्ध किरण मब वर जाऊन बसतो, किरण मक हा मड वर. कोन अमक उचलून नेमका कोन बमड वर ठेवल्यासारखा होतो. एकच हालचाल, आणि चारही कोनांचा निकाल लागला. विरुद्ध किरण ही संकल्पना किती कामाची आहे ते इथे कळतं. युक्लिड आकृत्या हलवायला नाखूश असतो. चौथ्या प्रमेयात, म्हणजे आपल्या बाकोबा कसोटीत, त्याने एका त्रिकोणावर दुसरा ठेवला आहे, पण तो मार्ग तो फार क्वचित पत्करतो. अर्ध्या फेऱ्याच्या सिद्धतेने आकृतीतली सममिती डोळ्यांसमोर येते. पण प्रमेय कोणत्या गृहीतकांवर टेकलं आहे हे जाणून घ्यायचं तर युक्लिडकडेच परत यावं लागतं, म्हणून दोन्हींत निवड करायची झाली तर मी युक्लिडची करेन.

प्रोक्लसने यूडेमसच्या हवाल्याने लिहिलं आहे की हे प्रमेय पहिल्यांदा थेलीसला उमगलं, पण त्याची शास्त्रीय सिद्धता युक्लिडकडे मिळते. थेलीस इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातला. म्हणजे दिसणं आणि सिद्ध होणं यांत मोठा काळ गेला. जे उघड दिसतं ते सिद्ध कशाला करायचं, हा प्रश्न इथे हमखास येतो. त्याचं उत्तर पृथ्वीच्या गोलावर मिळतं. गोलावर विषुववृत्त आणि एकमेकांपासून ९० अंशांवरची दोन रेखावृत्तं यांनी झालेल्या त्रिकोणाला तीन काटकोन असतात. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज दोन काटकोन, हे बत्तिसावं प्रमेय तिथे पडलं. बाह्यकोन प्रत्येक दूरस्थ आंतरकोनापेक्षा मोठा, हे सोळावंही पडलं. तीही कागदावर तितकीच उघड दिसत होती. पंधरावं मात्र गोलावरही उभं राहतं. उत्तर ध्रुवावर ग्रीनिचचं शून्य रेखावृत्त आणि ठाण्याजवळून जाणारं ७३ अंश पूर्व रेखावृत्त एकमेकांना छेदतात. ध्रुवापलीकडे पहिलं १८० अंशांचं होतं आणि दुसरं १०७ अंश पश्चिमेचं, आणि त्या दोघांमधला कोन पुन्हा ७३ अंशच. बोल्याई आणि लोबाचेव्हस्की यांनी एकोणिसाव्या शतकात समांतर रेषांचं गृहीतक बदलून जी भूमिती रचली, तिच्यातही हे प्रमेय जसंच्या तसं टिकतं, कारण त्याच्या सिद्धतेत पाचवं गृहीतक कुठेही लागलेलं नाही. कोणतं सत्य कशावर टेकलं आहे हे सिद्धतेवाचून कळायला मार्ग नव्हता.

आपल्याकडे कोनाचा विचार ज्योतिर्गणितात वेगळ्या वाटेने झाला. तिथे हिशेब चापाचा आणि त्याच्या ज्येचा. आर्यभटाच्या ज्यांमध्ये पाव वर्तुळाचे २४ भाग, प्रत्येक भाग २२५ कलांचा. युक्लिडची सिद्धतेची रीत संस्कृतात आली ती अठराव्या शतकात, जयपूरच्या सवाई जयसिंहाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटांनी नासिरुद्दीन तूसीच्या अरबी पाठावरून 'रेखागणित' रचलं तेव्हा. विसाव्या शतकाच्या आरंभी ते मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत छापलं गेलं.

पंधराव्याचं काम पंधराव्यापाशी संपत नाही. लगेच पुढचं सोळावं त्याचाच आधार घेतं, सोळाव्यावरून सत्ताविसावं, म्हणजे व्युत्क्रम कोन समान असतील तर रेषा समांतर, हे येतं. अठ्ठाविसाव्यात आणि एकोणतिसाव्यात संगत कोनांकडून व्युत्क्रम कोनांकडे जाता-येताना पुन्हा विरुद्ध कोनांचाच पूल लागतो. या प्रमेयाच्या शेवटी एक उपप्रमेयही जोडलेलं आढळतं की छेदबिंदूभोवतीचे चारही कोन मिळून चार काटकोन होतात. अभ्यासक ते नंतरच्या हाताचं मानतात. ज्याने जोडलं त्याने चांगलंच केलं. एका बिंदूभोवती फट न ठेवता सहा समभुज त्रिकोण, चार चौरस किंवा तीन सुषम षट्कोनच बसतात आणि सुषम पंचकोन बसत नाही, हे त्या एका ओळीतून निघतं.

सत्तेचाळिसाव्याचा डौल मोठा आहे हे मला मान्य आहे. तरी ४८ प्रमेयांतून एकच जवळ ठेवायचं झालं तर मी पंधरावं ठेवेन. इतकं थोडं सामान घेऊन इतकं पक्कं बांधकाम त्या पुस्तकात दुसरं नाही. आणि भूमिती शिकवणाऱ्या शिक्षकांना एक विनंती आहे. हे प्रमेय फळ्यावर घ्याल त्या दिवशी कोनमापक कंपासपेटीतच राहू द्या, १८० हा आकडा लिहू नका, आणि आधी मुलांना विचारा की मधला शेजारी कोन कोणता.